सवतीच्या टाकाचे पैसे

माझ्या नवऱ्याची पोरगी माझ्याशी बोलायची तेव्हा माझ्या तोंडाकडं कधी बघायची नाही. गळ्याकडं बघायची. शाळेत बाई काय म्हणाल्या, खोडरबर कोणी घेतलं, भाजीत तिखट किती पडलंय, सगळं माझ्या गळ्याला सांगायची. आधी वाटलं, लाजते बिचारी. मग कळलं की ती माझ्याशी बोलतच नव्हती.

माझ्या गळ्यात तिच्या आईचा टाक होता.

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना सांगायला पाहिजे. बायको वारलेल्या माणसाशी लग्न लागलं की पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात. टाक म्हणजे नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठशानं उठवलेली एक बाई. दोन डोळे, नाक, खाली जोडलेले पाय, बस. नवी साडी आली की आधी तिला लावायची, मग आपण नेसायची. सणाला पहिला घास तिला दाखवायचा. मान तिचा आधी. नाही दिला तर ती त्रास देते म्हणतात, आणि काय त्रास देते ते कोणी उघड सांगत नाही, नुसते डोळे मोठे करतात.

मी नांदेडची. कॉलेजच्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. कागद कापायचे, लॅमिनेशन करायचं, पोरांच्या प्रोजेक्टला बाइंडिंग करून द्यायचं. वय तिशीच्या पुढं सरकलेलं, आणि स्थळ आणणाऱ्यांच्या तोंडात ‘बघू’ याच्याशिवाय शब्द उरला नव्हता. तेवढ्यात लातूरचं हे स्थळ आलं. डाळमिलमध्ये नोकरी, दोन खोल्यांचं का होईना घर स्वतःचं, बायको काविळीनं गेलेली, एक मुलगी सात वर्षांची. भावानं विचारलं, चालतंय का. मी म्हणलं, चालतंय. पोरीचं मला काही वाटलं नाही. पोर काय, जेवू घातलं की रुळतं, असं मी तेव्हा खुशाल म्हणायचे. पोरांबद्दल मला काडीची अक्कल नव्हती.

टाकाचं मात्र कोणी आधी बोललं नव्हतं. अक्षता पडायच्या आधी सासूनं, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक माझ्या डोक्यावरून गळ्यात घातला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, “आंघोळीला बी काढायचा न्हाई.” मंडपात एवढी माणसं. तिथं मी काय बोलणार?

मी तशी भित्री बाई नव्हे. दुकानात असताना गुंड पोरांना उधारीवर झेरॉक्स नाही म्हणजे नाही असं तोंडावर सांगितलंय मी. पण त्या टाकानं मला बेजार केलं. उन्हाळ्यात तो तापायचा आणि गळ्याखाली चटका बसायचा. थंडीत पहाटे सगळं अंग पांघरुणात ऊबदार, आणि तेवढी नखाएवढी जागा गार. भाकरी थापायला वाकले की तो पुढं लोंबायचा आणि परातीच्या काठावर टण् वाजायचा. मला वाटायचं, बघून राहिली ही, भाकरी नीट गोल होती का न्हाई.

आणि घरभर तीच होती. पळी, झारा, चिमटा, सगळ्याचे खिळे ओट्याच्या डाव्या अंगाला ठोकलेले. माझा हात दरवेळी उजवीकडं जायचा आणि रिकाम्या भिंतीला लागायचा. ती डावखुरी होती हे मला कोणी सांगितलं नाही, त्या खिळ्यांनी सांगितलं. भिंतीवर तिचा फोटो मात्र एक नव्हता. मी यायच्या आधी आत्याबाईंनी सगळे उतरवून पेटीत घातले होते. नव्या सुनेला त्रास नको आणि पोरीला आठवण नको, म्हणून. पण फोटो काढले तरी भिंतीवर चौकोन राहिलेच. बाकीच्या रंगापेक्षा गडद, स्वच्छ. येता-जाता मी त्यांच्याकडं बघायचं टाळायचे.

आई दवाखान्यात होती तेव्हा पोरीला देवणीला मामाकडं ठेवली होती. आई गेली, पण पोरीला आणली नाही. लहान लेकराला कशाला दाखवायचं असलं काही, असं सगळ्यांचं मत पडलं. मग दिवस झाले, तरी आणली नाही. आणली ती थेट माझ्या लग्नाला. आई कुठंय म्हणून तिनं विचारलं तर बापानं तोंड फिरवलं. मामी म्हणाली, देवाघरी. आणि आत्याबाईंनी माझ्या गळ्याकडं बोट केलं. “ती बघ तुजी आई. हितंच हाय, कुटं गेली न्हाई.”

सात वर्षांच्या लेकरानं यातलं काय खरं धरावं? देवाघर तिनं बघितलं नव्हतं. माझा गळा समोर होता.

तिनं मला आई म्हणावं असं सगळ्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. ती काहीच म्हणायची नाही. बोलायचीच वेळ आली तर ‘तुम्ही’. बँकेतल्या बाईशी बोलावं तसं. पण संध्याकाळी मी तांदूळ निवडायला बसले की समोर येऊन बसायची आणि दिवसभराचं सगळं त्या टाकाला सांगायची, अगदी जीव लावून. मी मधी हूं केलं तर गप्प व्हायची. म्हणून मी हूं करायचं पण सोडलं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, मुकाट बसायचं. माझ्याच घरात माझाच गळा, आणि मला तिथं बोलायची सोय नाही. राग यायचा, खोटं कशाला सांगू. पण उठूनही जाता यायचं नाही.

नवऱ्याला एकदा म्हणलं, ही माझ्याकडं बघत नाही हो. ते म्हणाले, बघेल हळूहळू. ते सांगताना ते स्वतः दुसरीकडंच बघत होते. पोरगी गळ्यावरची नजर काढत नव्हती, आणि बाप चुकूनही गळ्याकडं बघत नव्हता. या दोघांच्या मधी मी कुठं होते, देव जाणे.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. आमच्या शेजारी एक बंद गोदाम आहे, त्याच्या ओट्यावर गल्लीतली पोरं दुपारभर बाजार भरवायची. हिरव्या लिंबोळ्यांची द्राक्षं, मातीच्या जिलब्या, बाटल्यांची झाकणं. नोटा म्हणजे बदामाची पानं. मोठं पान मोठी नोट, लहान पान चिल्लर, भांडणं नाहीत. पण एका पोराच्या मामानं त्याला एक खेळ आणून दिला आणि त्यात छापील खोट्या नोटांचा गठ्ठा निघाला. झालं. एका दिवसात बदामाच्या नोटा बंद. लेकरं पण मोठ्यांचंच बघून शिकतात.

त्या दुपारी पोरगी हातात पानं घेऊन घरी आली आणि माझ्या गळ्याला म्हणाली, “पानं चालत न्हाईत आता.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ते ऐकून माझं डोकंच फिरलं. पोरीनं जरा पाय आपटावेत, भांडावं, तर नाही. म्हणलं, थांब, यांच्या छापील नोटांना मीच बघते. नांदेडच्या दुकानात इतकी वर्षं कागद कापले ते काय उगीच?

आम्ही लहानपणी पैसे पाडायचो ती रीत अगदी सोपी होती. खरं नाणं खाली ठेवायचं, वर पातळ कागद, आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. नाणं हलू द्यायचं नाही. आधी कड उमटते, मग आकडा, मग सिंह. मग गोल कापायचं आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचं. पुठ्ठ्याला लग्नपत्रिका सगळ्यात चांगल्या. आमच्या लग्नाच्या नव्हत्या. दुसरेपणाला कोण पत्रिका छापतं? पण गावच्या लोकांच्या ढीगभर होत्या. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, कात्री घेतली, फरशीवर बसले आणि दहाचं नाणं, पाचचं नाणं, धडाधड पैसे पाडायला लागले.

पोरगी आधी दारात उभी होती. मग आत येऊन भिंतीला टेकली. मग माझ्या गुडघ्याशी बसून बघायला लागली. मी पेन्सिल घासत राहिले. तिनं एक कागद उचलला, पेन्सिल घेतली, वहीचा एक पुठ्ठा घेतला. मला वाटलं, नाणं मागेल. ती उठून माझ्यासमोर आली आणि माझ्या गळ्यातला टाक दोन बोटांत उचलला. त्याच्या मागं पुठ्ठा सरकवला, वर कागद ठेवला आणि घासायला लागली.

माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात तिनं मला पहिल्यांदा हात लावला होता. म्हणजे मला नव्हेच खरं तर. तिचा श्वास माझ्या हनुवटीला लागत होता. पेन्सिल खाली गेली की दोरा मानेत रुतायचा, वर गेली की सुटायचा. मी छताकडं बघत बसले. तिनं कागद काढला तेव्हा खाली बघितलं. काळ्या रेघोट्यांतून दोन डोळे वर आले होते. तोंड अर्धंच उमटलेलं, पण डोळे पुरते.

मी विचारलं, हे कितीचं नाणं? ती म्हणाली, हे बाजारात न्यायचं नाही.

बाजारात तिनं माझे दहाचे न् पाचचे नेले आणि ते असे चालले की विचारू नका. छापील नोटा फाटायला लागल्या होत्या, माझे पुठ्ठ्याचे पैसे खणखणीत. दुसऱ्या दिवशी गल्लीतली चार पोरं दारात उभी, काकू आम्हाला पण पाडून द्या. मी पण पदर खोचून बसले. खोटं सांगत नाही, मला मजा यायला लागली. लातुरात आल्यापासून पहिल्यांदाच कोणाला तरी माझं काही येत होतं ते पाहिजे होतं. पोरगी द्राक्षं विकायला लागली, भाव करायला लागली, एकदा तर एका पोरावर ओरडताना पण ऐकली मी. म्हणलं, चला, रुळली.

पण रोज संध्याकाळी ती पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन माझ्यासमोर यायची. मी हातातलं काम ठेवायचे आणि मान वर करायचे. टाकाचा एक पैसा पाडून झाला की ती जायची. नीट कापायची, पत्रिकेवर चिकटवायची, लाटणं फिरवून दाबायची. माझं बघून बघून माझ्यापेक्षा सफाईनं करायला लागली होती. आणि तो पैसा कुठं जायचा ते कळायचं नाही.

कळलं ते हळूहळू. उशीचा अभ्रा धुवायला काढला तर आतून डोळे. डाळीच्या डब्यात हात घातला तर बोटाला पुठ्ठा लागला, बाहेर काढते तर ती. गादीखाली, शिलाई मशीनच्या खणात, देवाच्या पोथीत. आणि सगळ्या सारख्या नव्हत्या, हेच वाईट होतं. ठसा एकच, पण पोरीचा हात रोजचा वेगळा. हलका पडला असेल तर बाई डोळे मिटून झोपल्यासारखी. जोरात पडला असेल तर रागानं बघणारी. एकदा कागद सरकला असावा, तर तोंडावर दुसरं तोंड उमटलेलं. तो पैसा मला दुधाच्या पातेल्यामागं सापडला. मी तो पालथा करून ठेवला आणि पुन्हा त्या फळीकडं हात नेला नाही.

आणि मला पक्कं माहीत होतं की तो तिचा चेहरा नव्हेच. एकदा पैंजण सांधायला सोनाराकडं गेले होते तेव्हा बघितलं होतं. त्याच्या डबीत अशा टाकांचा ढीग होता, सगळ्या एकाच ठशाच्या बाया. गल्लीत कोणाचीही सवत गेली तरी हीच येणार. एवढं डोळ्यांनी बघून आलेली मी, आणि तरी स्वयंपाकघरात एकटी असले की मागं वळून बघायचे. मग रागानं तिच्याशीच बोलायचे. काय पाहिजे बाई तुला? साडी आधी तुला, घास आधी तुला, पोरगी तर तुझीच. नवऱ्याच्या पण मनात कोण आहे ते मला दिसतंय. आता पैसे पण पाडायला लागलीस? ती काय बोलणार. परातीवर टण् वाजायची.

शेवटी एक पैसा आत्याबाईंच्या हाती लागला. पिठाच्या डब्यात होता. त्यांनी तो बघितला आणि जागेवरच बसल्या. मेलेल्या माणसाचे पैसे पाडून राहिली पोरगी, म्हणाल्या, आता ह्या घरात काय व्हायचं राहिलं? आधी म्हणाल्या, सगळे गोळा करून चुलीत घाला. मी काडेपेटी उचलली तशा ओरडल्या, तोंड हाय त्यावर, तोंड जाळतीस का? टाकून द्या, तर तेही नको, कोणाच्या पायाखाली आलं तर. मग जेवढे सापडले तेवढे त्यांनी देवघरात नेऊन ठेवले आणि एकेकाला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवघर रिकामं. पोरीनं कुंकवासकट सगळे उचलून नेले होते. मला आधी हसायला आलं. हे कशासाठी जमवून राहिली ही?

विचारलं तर म्हणाली, लागणार हायत. कशाला लागणार, ते सांगेना.

शाळा उघडायच्या आधी आत्याबाई मुखेडला त्यांच्या भाचीच्या लग्नाला गेल्या. हे मिलमध्ये. घरात आम्ही दोघीच. चार वाजून गेले होते, मी कपडे घडी करत होते, आणि पोरगी आतून आली ती दिवाळीचा फ्रॉक घालून. केस पाणी लावून बसवलेले. पायात चप्पल. घरात चप्पल घालू नको म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं हातातला बटवा फरशीवर पालथा केला. सगळे टाकाचे पैसे. काहींवर कुंकू, काहींना डाळीचा भुगा चिकटलेला. ते उताणे-पालथे पसरले आणि जे उताणे पडले ते सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“एवढ्यात होतं का?” ती गळ्याकडं बघून म्हणाली.

“काय?”

“आईला सोडायला.”

मला कळलंच नाही. मग तिनं सांगितलं, अगदी समजूतदारपणे, मला कमी कळतं हे तिनं धरूनच ठेवलं असावं. देवणीला मामाचं वासरू कोणाच्या तरी वावरात शिरलं होतं. ते धरून नेऊन कोंडवाड्यात घातलं. गाय दावणीला हंबरत होती, दूध देईना. मग मामा पोरीला सोबत घेऊन गेला, तिथल्या माणसाला पैसे दिले, त्यानं फाटक उघडलं आणि वासरू सोडलं. तिनं स्वतः बघितलं होतं. पैसे दिल्याबिगर सोडत न्हाईत. पण खरे पैसे तिच्याकडं नव्हते. आणि दहाच्या नाण्यावर सिंह असतो, आईसाठी आईचेच पैसे लागणार. म्हणून तिनं ते पाडले.

मी हातातली साडी खाली ठेवली. वर्षभर मी ज्या बाईला घाबरत होते, तिला या लेकराच्या मते मीच कोंडून ठेवली होती. रोज संध्याकाळी ती येऊन फाटकाशी बसत होती, आईशी बोलत होती, आणि मी फाटकावरची बाई, दोरा गळ्यात घालून मुकाट बसलेली. मला कधी शिवी दिली नाही तिनं. रडली नाही. कोंडवाडेवाल्याशी कशाला भांडायचं? पैसे जमवायचे आणि सोडवून न्यायचं.

तिला सांगता आलं असतं की हे खोटे पैसे आहेत. सांगता आलं असतं की सोनाराकडं अशा बायांची डबी भरलेली आहे. तोंडात आलंही होतं. पण ती फ्रॉक घालून, चप्पल घालून तयार उभी होती. मी पुढं वाकले आणि फरशीवरचे सगळे पैसे गोळा करून घरखर्चाचे पैसे ठेवायच्या माझ्या डब्यात टाकले. घेतले नसते तर तिला पटलं नसतं. मग दोन्ही हातांनी दोरा वर ओढला. तो अंबाड्यात अडकला. आंघोळीलाही न काढलेला, त्याला काय सवय निघायची! गाठ मागं केसांत गुंतलेली, मला काही सापडेना. तिनंच मागं येऊन माझे केस सोडवले आणि दोरा डोक्यावरून काढून घेतला.

तिनं टाक तळहातावर ठेवला. बघितला. उलटा करून बघितला. मूठ मिटून उघडून बघितली. मग दारात गेली, तो उंबऱ्यावर ठेवला, रस्त्याकडं तोंड करून, आणि स्वतः शेजारी बसली. मी पण जाऊन बसले. मला गळ्यापाशी एकदम उघडं-उघडं वाटत होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मी काही बोलायला गेले तर तीच मला म्हणाली, “लगेच येत न्हाई. वासरू बी फाटक उघडल्यावर तसंच उभं होतं.”

उन्हं खाली आली. गोदामाच्या ओट्यावरचा बाजार उठला, पोरांना घरोघरी हाका सुरू झाल्या. समोरच्या वहिनी पाण्याची नळी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, कोणाची वाट बघून राहिल्या दोघी? पोरगी म्हणाली, आईची. वहिनींनी हसून माझ्याकडं बघितलं, मग माझ्या गळ्याकडं बघितलं, आणि नळी तशीच टाकून आत गेल्या. दार लावल्याचा आवाज आला.

दिवेलागण झाली तरी मी उठले नाही. काय सांगू, मी पण वाट बघत होते. वर्षभर जिच्या भीतीनं मागं वळून बघितलं, तिला मी त्या उंबऱ्यावर बसून मनातल्या मनात हात जोडले. ये बाई. तुझी पळी जाग्यावर आहे, खिळे मी हलवले नाहीत. पांढऱ्या पायांनी ये, उलट्या पायांनी ये, कशीही ये, मला धर, पण एकदा ये. हे लेकरू केस बसवून बसलंय. गल्लीच्या तोंडाशी कोणाचीही साडी दिसली की मी मान लांब करून बघायचे. ती दुसऱ्याच घरात वळायची.

अंधार पडल्यावर पोरीनं टाक उचलून फ्रॉकला पुसला. बोलायला म्हणून माझ्या गळ्याकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. ती जरा गोंधळली, इकडं तिकडं बघितलं, आणि मग वर, माझ्या तोंडाकडं बघितलं. तिचे डोळे असे आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

“ती मेली का?”

या घरात हा शब्द तिच्यासमोर कोणी उच्चारला नव्हता. बापानं नाही, आजीनं नाही, मामानं नाही. तो पहिल्यांदा तिलाच उच्चारावा लागला.

“हाव,” मी म्हणलं. “मेली. दवाखान्यातच मेली. तू देवणीला होतीस तवा.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी नजर काढली नाही.

“मग माझे पैसे परत द्या.”

मी आत गेले, डबा आणला आणि सगळे तिच्या ओंजळीत घातले. काही खाली सांडले, ते वेचून दिले. ते पोटाशी घट्ट धरून ती तिथंच उंबऱ्यावर मोठ्यांदा रडायला लागली, वर्षाचं सगळं एकदम, आणि तिच्या शेजारी बसून मी पण रडले.